अंगाचं खातं

कोजोवहिनींना बसलेलं मी कधी पाहिलं नाही. कुणाकडे हळदीकुंकवाला गेल्या तरी त्या दाराजवळ उभ्या, एका हातात तिळगूळ आणि पायाने स्वतःच्या चपला चाचपत. यजमानीण 'अहो, टेका तरी जरा' म्हणाली की 'टेकलेच आहे' म्हणून भिंतीला खांदा लावायच्या, आणि लगेच खिडकीशी जाऊन खाली कुणी सायकल भलत्या जागी लावली आहे ते बघायच्या. त्यांच्याशी काही बोलायचं तर बूट घालावे लागत. 'चला, चालता चालता सांगा' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. टोकियोच्या निशी-कसाई भागातल्या आम्हा निम्म्या मराठी लोकांना जपानचा प्राप्तिकर आराकावा नदीच्या बांधावर, धापा टाकत समजला. मी त्यांच्याहून चांगला बारा-तेरा वर्षांनी लहान, पण दर वेळी मागे मीच पडायचो.

खरं नाव वासंती बिडकर. यजमान मुंबईच्या एका बँकेतून टोकियोत नेमणुकीवर आलेले, शांत, जेवल्यावर वामकुक्षी घेणारे गृहस्थ. लग्नाआधी वहिनी कल्याणच्या एका पतपेढीत काउंटरवर होत्या. इथे आल्यावर सकाळच्या वेळी स्टेशनाजवळच्या औषधांच्या दुकानात अरुबाइतो करायच्या. अर्धवेळ नोकरीला इथे सगळे अरुबाइतोच म्हणतात. कोजो म्हणजे जपानी करातली वजावट. हा शब्द त्यांच्या तोंडात इतक्या वेळा यायचा, की कुणीतरी तो त्यांच्या नावाला चिकटवला आणि तो चिकटला तो चिकटलाच. त्यांना राग येत नसे. 'वजावहिनी म्हणाला असतात तर चिडले असते,' म्हणायच्या.

एक गोष्ट मात्र त्या पाळत. कुणाचाही फॉर्म हातात धरायच्या नाहीत. 'ते इथल्या कायद्याने परवाना असलेल्याचं काम. मी फक्त तुमचं डोकं खाणार. भरायचं तुम्ही आणि शंका आली तर कर कचेरीत जाऊन विचारायचं. ती माणसं चावत नाहीत.' आम्हाला आयतं हवं असायचं. गावाकडे कुणी ना कुणी ओळखीचे काका असतात, त्यांच्या पुढ्यात कागद टाकले की काम होतं, अशी आमची सवय. वहिनी कागद परत आमच्याच हातात कोंबायच्या.

दिवाळी संपली की त्या भेटल्यावर 'कसे आहात' असं विचारत नसत. 'दात कसे आहेत?' असं विचारत. नव्या माणसाला वाटायचं, बाई जरा चमत्कारिक दिसते. त्यामागे पक्का विचार होता. इथे घरातल्या सगळ्यांचा वर्षभराचा औषधपाण्याचा खर्च एकत्र धरतात, आणि तो एका मर्यादेच्या वर गेला तरच करात सूट मिळते. वर्ष संपतं डिसेंबरात. तेव्हा ज्या घरात यंदा बाळंतपण किंवा ऑपरेशन झालं आहे, त्यांनी बाकीची दुखणीही यंदाच उरकावीत असा त्यांचा आग्रह. आमच्या मजल्यावरच्या देसाईंना मुलगी झाली, तेव्हा बारशाला वहिनी आल्या, बाळाच्या हातात चांदीचा वाळा दिला आणि बाळाच्या बापाला म्हणाल्या, 'अक्कलदाढ काढायची होती ना तुम्हाला? मग कधीची वाट बघताय?' देसाईंनी काढली. मुलीच्या पहिल्या फोटोंमध्ये बाप गाल सुजलेल्या अवस्थेत हसतो आहे. दवाखान्यात जायचं ट्रेनचं भाडं धरतात, टॅक्सीचं सहसा धरत नाहीत, हेही त्यांनीच शिकवलं. त्यामुळे पाठीत उसण भरलेला मी एकदा तोझाई लाइनच्या गर्दीत दांडीला लोंबकळत हॉस्पिटलात गेलो आणि वाटेत वहिनींच्या नावाने बोटं मोडली.

हे सगळं गमतीचं होतं. माझ्या घरापर्यंत जे आलं ते त्यानंतर, नियम बदलले तेव्हा.

आमच्यापैकी बहुतेकांचे आईवडील भारतात. त्यांना दरमहा पैसे पाठवायचे आणि इथल्या करात ते आपल्यावर अवलंबून असल्याचं दाखवायचं, हा जुना रिवाज. मग सरकारने कायदा बदलला. परदेशातला नातेवाईक तिशीच्या पुढचा आणि सत्तरीच्या आतला असेल, तर तो कमावता धरायचा. त्याला अवलंबून दाखवायचं असेल तर वर्षाकाठी एक भरीव रक्कम त्याच्या स्वतःच्या नावाने गेलेली दिसली पाहिजे. बाबांनी सत्तरी ओलांडली होती, त्यांचं अडलं नाही. अडलं ते आईचं. कराडच्या घरात चाळीस वर्षं चुलीपासून गॅसपर्यंत सगळं केलेली माझी आई जपानच्या लेखी हिंडती-फिरती, कमावू शकणारी बाई ठरली.

त्या नोव्हेंबरात ऑफिसने कागद मागितले आणि मी बूट घालून वहिनींना गाठलं. बांधावर वारा असा, की बोललेलं अर्धं नदीत जात होतं.

'आईंच्या नावाने पैसे गेल्याचा कागद?' त्यांनी विचारलं.

'बाबांच्या खात्यात जातात ना सगळे. घर एकच आहे.'

'घर एक असेल हो. माणसं दोन आहेत ना?'

'आईचं खातंच नाहीये वहिनी. तिला काय करायचंय खातं? बाबा सगळं बघतात.'

त्या थांबल्या नाहीत, पण पावलं जड पडायला लागली. रागावल्या की त्या ऑफिससारखं नावापुढे सान लावायच्या. 'निखिल-सान, एवढी वर्षं पाठवताय तुम्ही आईवडिलांना. त्यातलं आईंच्या हातात काय पडतं, कधी विचारलंत?'

मी नेहमीचा हिशोब पुढे केला. अर्धे आईला पाठवून त्या बदल्यात कर वाचणार तो किती, त्यापेक्षा आईचं नाव सोडूनच देऊ, कटकट नको. वहिनी म्हणाल्या, 'सोडा. करापुरतंच बघायचं असेल तर खुशाल सोडा.' आणि पुढे निघून गेल्या. मला त्यांचा मनस्वी राग आला. घरी येऊन बायकोपाशी भरपूर बोललो. रात्रभर चुळबुळ करून सकाळी कराडला फोन लावला आणि बाबांना म्हणालो, आईचं एक खातं उघडायला हवं, जपानचा नियम आहे.

बाबा हायस्कूलचे निवृत्त शिक्षक. नियम म्हटलं की ते मान तुकवतात. खातं उघडून दिलं, शाखेत आईला स्वतः घेऊन गेले. पण पुढच्या महिन्यात स्वतःच्या खात्यात निम्मीच रक्कम आलेली पाहिली आणि नाकाला मिरच्या झोंबल्या. 'मी काय तिला उपाशी ठेवतो का रे?' म्हणाले. 'तुझ्या जपानला सांग, इकडे नवराबायकोत वाटण्या होत नसतात.' मग आठवडाभर फोनवर फक्त हवामान. आमच्या मुलीने, त्यांच्या नातीने, इकडून जपानीत काही म्हटलं तरी एरवी कौतुकाने हसणारे बाबा नुसतं 'बरं, बरं' म्हणायचे.

एटीएम कसं वापरायचं हे आईला शिकवायचं काम वहिनींनी परस्पर अंगावर घेतलं. मीच नंबर दिला होता, कारण माझा धीर दुसऱ्या मिनिटाला सुटायचा. त्या दुकानातून सुटल्या की आईला फोन लावून चालायला लागायच्या. आई त्यांना ताई म्हणायची, त्या आईला मावशी. पिनचा आकडा कुणाला सांगायचा नाही, इथपासून सुरुवात झाली आणि पुढे गोडा मसाला, गुडघे, सुना, सगळंच आलं. त्यांनी आईला एक नियम घालून दिला. तो जपान सरकारचा नव्हता, त्यांचा स्वतःचा होता. 'मावशी, हा पैसा फक्त तुमच्या अंगासाठी. औषध, चष्मा, दात, दवाखाना. किराण्याला नाही, आहेराला नाही. हे अंगाचं खातं.'

हे नाव पसरलं. नाशिक, सांगली, चिंचवड, जिथे जिथे आमच्यापैकी कुणाची आई होती तिथे अंगाची खाती निघाली. एकीने त्यातून कुड्या केल्या. आता वहिनी भडकणार म्हणून आम्ही सगळे टपून होतो. त्या म्हणाल्या, 'कान काय अंगाच्या बाहेर असतात का?'

उन्हाळा सुरू होता होता एके दिवशी त्यांनी मला दुकानाबाहेर गाठलं. अंगावर अजून दुकानाचा एप्रन होता.

'आईंना डॉक्टरांकडे जायचंय,' म्हणाल्या. 'ऑपरेशन लागेल बहुधा.'

'काय झालंय? मला का नाही सांगितलं?'

'मुलाला सांगण्यासारखं नाही म्हणून. जिवावरचं नाही, घाबरू नका. पण रोजचं आहे, आणि खूप वर्षांचं आहे. त्यांना उठता-बसता त्रास होतो. तुम्ही फक्त पैसे वेळेवर पाठवा.'

'वहिनी, माझी आई आहे ती.'

'म्हणूनच म्हणते, त्या सांगतील तेव्हा सांगतील.'

ताकास तूर लागू देईनात. आईला विचारलं तर 'कुठे काय, वय झालं' म्हणून जेवणाची चौकशी. त्या दिवसांत मला कशातच राम वाटेना. मीटिंगमध्ये काय चाललंय कळायचं नाही. स्टेशन माझं आहे हे दार बंद झाल्यावर ध्यानात यायचं आणि पुढे जाऊन उलट्या गाडीने परतायचं. आईचं प्रत्येक वाक्य मी उलटंसुलटं करून बघायचो. 'आज जरा पडून होते' म्हणजे काय? 'शेजारच्या शोभाकाकूंनी भाजी आणून दिली' म्हणजे काय? बायको म्हणाली, तिकीट काढ आणि जा. ते मला सुचलं नाही असं नाही. पण जाऊन विचारणार काय, आणि ती सांगणार काय?

त्यात गच्ची आली. कराडच्या घराची गच्ची गळत होती आणि बाबांनी ठरवलं की यंदा ती करून घ्यायची. त्यांच्या खात्यात तेवढे नव्हते, आईच्या खात्यात होते. त्यांनी तिला मागितले नाहीत. 'पाऊस सरला की तुझ्या खात्यातले काढून आणू' एवढंच म्हणाले. आणि आई वहिनींना म्हणाली, ताई, देऊन टाकते, ऑपरेशन काय पुढच्या वर्षी होईल. एवढी वर्षं काढली तसं आणखी एक.

वहिनींनी हे मला सांगितलं तेव्हा आम्ही बांधावर होतो. मी तिथेच खिशातून फोन काढला. बाबांना सांगणार होतो की एक पैही काढायची नाही, आधी ऑपरेशन, मी सांगतो म्हणून. वहिनींनी माझं मनगट धरलं. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी हात लावला नव्हता.

'तुम्ही हुकूम सोडलात तर ऑपरेशन होईल,' म्हणाल्या. 'पण मग पैसे पुन्हा तुमचेच झाले. त्यांचे झालेच नाहीत.'

'आणि तिने दिले तर?'

'तर दिले.'

'वहिनी, तिला त्रास होतोय, आणि तुम्ही मला तत्त्वं सांगताय!'

मी ओरडलोच. पुढून एक म्हातारा जपानी गृहस्थ कुत्रा घेऊन येत होता, तो वाट सोडून गवतातून गेला. वहिनींचा चेहरा उतरला होता. त्या चालायला लागल्या आणि समोर बघत बोलल्या.

'माझी आई दुखण्याला पैसे मागायची राहिली आणि तशीच गेली, निखिल. आमचे दादा, म्हणजे वडील, वाईट नव्हते हो. मागितले असते तर दिले असते. पण प्रत्येक वेळी काहीतरी असायचं. माझी फी, भावाचं लग्न, घराचं सिलिंग. ती म्हणायची, होऊ दे एवढं. मी तेव्हा पतपेढीत लोकांची खाती उघडत होते. घरी येऊन आईला एक खातं उघडून द्यावं, हे मला सुचलं नाही.'

मी फोन खिशात टाकला. बाबांना केला नाही. तो निर्णय बरोबर होता की मी एका दुःखी बाईच्या शब्दाला बळी पडलो, याची मला पुढचे कित्येक दिवस खात्री नव्हती. देवाला माहीत, मी तेव्हा त्यांना मनातल्या मनात किती शिव्या घातल्या. दुसऱ्याच्या आईवर आपल्या आईचं उट्टं फेडायला निघाल्यात, असंसुद्धा वाटलं. त्या मात्र आईला फोन करत राहिल्या. काय बोलल्या ते विचारलं तर म्हणायच्या, 'गोडा मसाला.'

त्याच सुमारास बिडकरसाहेबांची ओसाकाला बदली झाली. इकडच्या बायकांनी निरोपसमारंभ ठरवला, वहिनींनी मोडला. 'पुरणपोळीचे पैसे दाताला लावा' म्हणाल्या. मी टोकियो स्टेशनवर सोडायला गेलो. साहेब शिंकान्सेनमध्ये आपल्या जागेवर बसून पेपर वाचत होते आणि वहिनी फलाटावर ह्या डब्यापासून त्या डब्यापर्यंत येरझारा घालत होत्या. मी बॅग घेऊन मागे. देसाईंच्या बायकोचा चष्मा, कुलकर्ण्यांच्या आईचा राहिलेला कागद, दुकानातलं कुठलं औषध वेगळ्या सवलतीत धरतात आणि ती सवलत व ही सवलत एकदम का मिळत नाहीत, सगळं बजावून झालं. आईचा विषय आम्ही दोघंही काढत नव्हतो. गाडीची घंटा झाली तेव्हा त्या पायरीवर चढल्या आणि वळल्या.

'मी चुकले असेन,' म्हणाल्या. 'काहीही झालं तरी मला कळवा. वाईट झालं तरी.'

दार लागलं. काचेतून त्या काहीतरी आणखी सांगत होत्या, ते मला कळलं नाही. गाडी गेल्यावर मी बराच वेळ फलाटावर उभा होतो आणि मला फार एकटं वाटलं. आपला राग जिच्यावर काढायचा ती बाईसुद्धा आता इथे नाही, असं काहीसं ते होतं.

पुढे गणपती आले, गेले. आईच्या खात्यातून पैसे निघाले की नाहीत हे मला कळायला मार्ग नव्हता. बाबा गच्चीबद्दल बोलत नव्हते, आई अंगाबद्दल बोलत नव्हती. मी दर फोनला मागचे आवाज कान देऊन ऐकायचो. घरात कामाची माणसं आली आहेत का, घमेली वाजतात का? घमेली वाजली तर गच्ची झाली, म्हणजे ऑपरेशन राहिलं. एकदा ठणठण ऐकू आली आणि माझा जीव टांगणीला लागला. शेजारच्यांचं काम निघालं.

एका रविवारी दुपारी बाबांचा फोन आला. बाबा स्वतःहून कधी फोन करत नाहीत. त्यांना तो खर्च वाटतो, हल्ली फुकट असला तरी.

'तुझी आई दवाखान्यात आहे,' म्हणाले. 'बरी आहे. ऑपरेशन झालं काल. गर्भाची पिशवी खाली आली होती म्हणे. डॉक्टर म्हणतात, सात-आठ वर्षं तरी अंगावर काढलंय.'

'बाबा...'

'मला माहीत नव्हतं रे. एका घरात राहतो आम्ही. मला माहीत नव्हतं.'

मागे स्ट्रेचरच्या चाकांचा आवाज येत होता. कुणीतरी बाई, शोभाकाकू असाव्यात, 'मास्तर, चहा घ्या' म्हणत होती. बाबांनी बहुतेक घेतला नाही.

'गच्चीचं ठरलं होतं आमचं,' ते म्हणाले. 'मिस्त्रीला मी हो म्हटलं होतं. परवा सकाळी ती साडी नेसून, पिशवी घेऊन समोर उभी राहिली. म्हणाली, मी शोभाबरोबर दवाखान्यात चालले आहे, उद्या ऑपरेशन आहे, पैसे मी भरलेत, तुम्ही संध्याकाळी डबा घेऊन या.' मग म्हणाले, 'तिने मला विचारलं नाही रे निखिल. सांगितलं.'

बाबा चिडले असते तर मला समजलं असतं. पण त्या आवाजात राग नव्हता. एखादी वस्तू प्रथमच हातात घेऊन वजन बघावं तसे त्यांनी ते शब्द उच्चारले. मी म्हटलं, 'बाबा, मग डबा नेलात का?' ते म्हणाले, 'नेला ना. मुगाची खिचडी. जरा लागली होती खाली. तिने खाल्ली.'

फोन ठेवला आणि मी रडलो. मग ओसाकाला फोन लावला. वहिनींनी उचलला तो लोकांच्या गलक्यात, कुठल्याशा बाजारगल्लीतून चालत असाव्यात. मी आधी तेवढंच सांगितलं की झालं, आई बरी आहे. त्या 'हं, हं' करत होत्या. मग बाबांचा निरोप सांगितला, मिस्त्री, साडी, डबा, सगळं, आणि शेवटी बाबा जे म्हणाले ते त्यांच्याच शब्दांत.

पलीकडे गलका तसाच होता.

'काय म्हणाले?' त्यांनी विचारलं. 'परत सांगा.'

'तिने मला विचारलं नाही. सांगितलं.'

'परत एकदा सांगा, निखिल.'

मी परत सांगितलं.